घरी भारी वाटणारा आवाज स्टेजवर कुठे जातो? मेटल गिटारच्या सामानाबद्दल

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला एका कॉलेज फेस्टमध्ये आमच्या बँडचा पहिला शो झाला. घरी माझा आवाज एकदम कडक होता, छोटा प्रॅक्टिस अँप, त्याच्या आधी एक मल्टिइफेक्ट (अनेक इफेक्टचा एकच डबा), त्यावर गेन (आवाज किती फाटायचा ते ठरवणारं बटण) फुल, बास फुल, ट्रेबल फुल आणि मिड, म्हणजे मधल्या पट्टीचा आवाज, पार शून्यावर, हळू वाजवलं तरी खोली भरून जायची. शोचं रेकॉर्डिंग मित्राने मोबाइलवर केलेलं, ते रात्री घरी येऊन ऐकलं तर ड्रम ऐकू येतायत, बास येतोय, व्होकल येतायत आणि गिटारच्या जागी नुसतं मधमाश्यांचं मोहोळ उठलंय. रिफ (गाण्यात परत परत येणारा गिटारचा तुकडा) मीच बांधलेला, पण त्यातला कुठला भाग चाललाय ते मलाच कळेना. नंतरच्या बारा वर्षांत सामानाबद्दल जे शिकलो ते जवळपास सगळं त्या रात्रीचं उत्तर आहे, आणि नवीन पोरं अजून तोच प्रश्न घेऊन येतात म्हणून हे लिहितोय.

कारण साधं आहे. गिटारची सगळ्यात जाड तार नेहमीच्या ट्यूनिंगला साधारण ८२ हर्ट्झवर वाजते, ड्रॉप सी केली, म्हणजे ती सैल करून सी स्वरावर आणली, की ६५ वर येते, आणि बास गिटारची जाड तार ४१ वर. म्हणजे खालचा मजला बास आणि किक ड्रमचा आहे, वरचा मजला झांजांनी व्यापलेला, मग गिटारला राहायला जागा उरते ती मधली, आणि आपण घरी एकटे वाजवताना तीच मिड कापून टाकतो कारण एकट्याला ते ऐकायला गोड लागतं. बँडमध्ये उभं राहायचं तर अँपवरचा मिड वाढवा आणि बास कमी करा, घरी तो आवाज थोडा नाकातला वाटेल, वाटू दे.

दुसरा गुन्हेगार गेन. गेन जितका जास्त तितका सिग्नल दाबला जातो, मग तारेवर पिक पडल्याचा जो टक् असतो तो मरतो आणि पाम म्यूट (तळव्याने तारा दाबून वाजवलेले ठोके) एकमेकांत मिसळतात. सुरुवातीला आपल्याला जास्त गेन लागतो कारण उजवा हात कच्चा असतो आणि गेन तो लपवतो. गेन इतका खाली आणा की हाताला जरा कष्ट पडायला लागतील, मग महिनाभर मेट्रोनोम लावून तसंच वाजवा.

इथेच ते हिरवं पेडल कामाला येतं, आयबानेझचं ट्यूब स्क्रीमर. ब्लूजवाले ते ड्राइव्हसाठी, म्हणजे आवाज फाडण्यासाठी, वापरतात, मेटलवाले उलटं करतात, ड्राइव्ह शून्य, लेव्हल जवळजवळ फुल, टोन मधे, आणि पुढे आधीच डिस्टॉर्ट केलेला अँप. ते पेडल डिस्टॉर्शनच्या आधीच बास छाटतं आणि मिड पुढे ढकलतं, त्यामुळे खालच्या तारेवरचं चगचग एकदम घट्ट होतं. त्याच्या स्वस्तातल्या नकलाही हे काम चोख करतात.

गिटारबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात आणि मला तिथे सगळ्यात कमी सांगायचंय. हंबकर (दोन कॉइलचा) पिकअप, फिक्स्ड म्हणजे न हलणारा ब्रिज, बस. फ्लॉइड रोझ (दांडीने हलणारा ब्रिज) दिसायला भारी पण ट्यूनिंग बदलायचं म्हटलं की अर्धा दिवस जातो, पहिल्या गिटारला नको. त्यापेक्षा पैसे सेटअपवर, म्हणजे गिटार नीट जुळवून घेण्यावर घाला. ड्रॉप सी वाजवायचंय आणि गिटारवर १०-४६ च्या तारा (बारीक ते जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) आहेत तर जाड तार लोंबते आणि जोरात मारली की स्वर वर चढतो, तिथे ११-५४ च्या आसपासचा सेट लावा, पण जाड तार लावली की नटची (मानेच्या टोकाची, तारा बसतात ती पट्टी) खाच रुंद करावी लागते, ट्रस रॉड (मानेतली सळई) आणि इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागतो का ते) परत बघावं लागतं, हे माहितगार माणसाकडून एकदा करून घ्या आणि तो करत असताना शेजारी बसून बघा. जाड तारा म्हणजेच मेटल असंही काही नाही. ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारिस्ट टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात होता, १७ व्या वर्षी उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, आणि तो डावखुरा, म्हणजे फ्रेट दाबायचा हात तोच. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या, आणि १९७१ पर्यंत काही गाणी तीन फ्रेट खाली ट्यून करून वाजवायला लागला, तारा सैल पडल्या की बोटांना सोपं जातं. मेटलचा जड आवाज एका जखमी हाताला जमेल तसं सामान करून घेण्यातून आलाय, त्यामुळे दुसऱ्याची गिटार बघून विकत घेऊ नका, आपला हात बघा.

आपल्याकडचा पावसाळाही धरा हिशोबात. जुलैमध्ये तारा आठवड्यात गंजतात, गिटारची मान हलते. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका, वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसा.

स्टेजकडे येतो. आपल्याकडे बहुतेक शोला अँप भाड्याचा असतो आणि आयोजकाने फोनवर सांगितलेला अँप तिथे असेलच असं नाही. म्हणून मी सगळा आवाज फ्लोअर मॉडेलरमध्ये (अँप आणि पेडलची डिजिटल नक्कल करणारा पायाशी ठेवायचा डबा) नेतो, तिथून थेट पीएमध्ये, म्हणजे लोकांसाठीच्या साउंड सिस्टिममध्ये. यात एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, पीएला जाताना कॅब सिम (कॅबची, म्हणजे स्पीकरच्या पेटीची नक्कल) चालू हवा, आणि स्टेजवरच्या अँपच्या रिटर्नमध्ये (मागच्या इनपुटमध्ये) जात असाल तर बंद, कारण पुढे खरा कॅब आहेच. चालू-बंद उलटं झालं तर एकीकडे कानात माती गेल्यासारखा आवाज येतो, दुसरीकडे तेच मोहोळ. मॉडेलर म्हणजे नकली म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की मेटालिकाने डिसेंबर २०१३ मध्ये अंटार्क्टिकात शो केला तेव्हा स्टेजवर आवाज करणारा एकही अँप नव्हता, लोकांनी हेडफोनवर ऐकला.

पेडल वापरत असाल तर नॉइज गेट (वाजवत नसताना खरखर बंद करणारं पेडल) नुसता रांगेत लावू नका. बॉसच्या एनएस-२ सारख्या गेटला सेंड-रिटर्न (सिग्नल बाहेर नेऊन परत आणायची दोन भोकं, म्हणजे लूप) असतात, गिटार आधी गेटमध्ये, बाकीची पेडल त्याच्या लूपमध्ये, म्हणजे गेट स्वच्छ गिटार ऐकून ठरवतो कधी दार बंद करायचं. थ्रेशोल्ड (किती हळू आवाजाला दार बंद व्हावं ती मर्यादा) एवढाच ठेवा की लांबवलेला स्वर मधेच तुटणार नाही. एका अडॅप्टरवरून माळ लावून सगळी पेडल चालवली आणि त्यात एक डिजिटल असलं तर बारीक किरकिर येते, आयसोलेटेड सप्लाय (प्रत्येक पेडलला वेगळी वीज देणारा) घ्या.

खरा ट्यूब अँप मिळाला तर आनंद आहे, पण स्पीकर जोडल्याशिवाय तो चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. अँप आणि कॅबवरचे ओहम जुळवून घ्या, आणि हेड (स्पीकरशिवायचा अँप) ते कॅब स्पीकर केबलच हवी, गिटारची केबल नाही. अमेरिकेहून काही मागवलं असेल तर ते १२० व्होल्टचं आहे का बघा, आपले २३० आहेत. मैदानात जनरेटरवर शो असेल आणि गाताना माइकला ओठ लागला की झिणझिण्या आल्या तर तिथल्या तिथे थांबा, अर्थिंग तपासून होईपर्यंत गिटारला हात लावू नका, कोणी कितीही घाई केली तरी.

स्टुडिओत माझं डोकं खऱ्या अर्थाने उघडलं. पहिल्या ईपीच्या (चार-पाच गाण्यांचा छोटा अल्बम) वेळी साउंड इंजिनीअरने माझा टोन ऐकला आणि विचारलं, "गेन किती आहे?" मी म्हटलं आठ. "चार कर, आणि हाच रिफ पहिल्यापासून परत वाजव." दोन टेक झाले, एक पूर्ण डावीकडे टाकला, एक उजवीकडे, आणि सोबत बास सोडला. मी खुर्चीत सरसावून बसलो. मग त्याने बास म्यूट केला आणि सगळा जडपणा गायब! इतकी वर्षं मी जो जडपणा गिटारमध्ये शोधत होतो तो अर्धा आमच्या बासिस्टच्या हातात होता.

तर घरी रेकॉर्ड करताना रिफ दोनदा वाजवा, कॉपी-पेस्ट करू नका, दोन्ही बाजूंना तोच टेक ठेवला तर तो मधोमधच ऐकू येतो, रुंदी येते ती दोन टेकमधल्या बारीक फरकाने. दोन थरांचं डिस्टॉर्शन बेरजेत वाढतं म्हणून गेन स्टेजवर ठेवता त्यापेक्षाही कमी ठेवा. इंटरफेसमधून (गिटार कॉम्प्युटरला जोडणारा डबा) आलेला कोरा डीआय, म्हणजे इफेक्ट न लावलेला सिग्नल, नेहमी जपून ठेवा, प्लगिन (आवाज बदलणारं सॉफ्टवेअर) उद्या बदलता येईल, वाजवलेलं बदलता येणार नाही. ४८ किलोहर्ट्झला बफर (कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पलचा ठेवला की एका बफरचा उशीर २.७ मिलिसेकंद, तेवढा हाताला जाणवत नाही. आणि माइक लावायची संधी मिळालीच तर शुअर एसएम५७ स्पीकरच्या मधल्या टोपीच्या कडेशी धरा आणि बोटभर इकडे तिकडे सरकवत हेडफोनवर ऐका, एवढ्याशा सरकण्याने जो फरक पडतो तो अख्ख्या ईक्यूने (बास-मिड-ट्रेबल कमीजास्त करण्याने) पडत नाही.

खरेदी कुठून सुरू करू विचाराल तर सेटअप, तारा, ट्यूनर, इंटरफेस, मग मॉडेलर, आणि अँप अगदी शेवटी. शोच्या बॅगेत दोन जास्तीच्या केबल, तारांचा एक सेट, गॅफर टेप आणि अॅक्टिव्ह (बॅटरीवर चालणारे) पिकअप असतील तर ९ व्होल्टची नवीन बॅटरी ठेवा. ईएमजीसारखे पिकअप केबल लावलेली असेपर्यंत बॅटरी खात राहतात, माझी आधीच जुनी झालेली बॅटरी एकदा साउंडचेक आणि शोच्या मधल्या चार तासांत पुरती उतरली आणि दुसऱ्या गाण्यात आवाज फाटायला लागला. आता साउंडचेक संपला की आधी गिटारमधून जॅक काढतो, मग चहाला जातो.