मणक्यातील गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर पाणी गळतंय? या चुका टाळा

मज्जारज्जूभोवती ड्युरा नावाचं आवरण असतं आणि त्याच्या आत सीएसएफ हा पाण्यासारखा द्रव. मोठ्या माणसात तो साधारण १५० मिली असतो, पण शरीर दिवसाला जवळपास ५०० मिली नवा बनवतं. श्वानोमा, मेनिन्जिओमा, एपेन्डिमोमा अशा आतल्या गाठी काढायला ड्युरा उघडावाच लागतो. मग शिवण जिथे कच्ची, तिथून पाणी वाट काढतं.

शिवण ५-० किंवा ६-० च्या बारीक धाग्याने घालतात. त्यानंतर भूलतज्ज्ञ काही सेकंद छातीतला दाब वाढवून धरतात आणि थेंब झिरपतो का ते पाहिलं जातं. ही चाचणी घाईत वगळणं महागात पडतं. फायब्रिन ग्लू, म्हणजे शिवणीवर लावायचा वैद्यकीय गोंद, शिवणीच्या जोडीला आहे, शिवणीऐवजी नाही. ड्युरा अपुरा असेल तर ताणून शिवण्यापेक्षा पॅच (ठिगळ) बरा. स्नायूंवरचा फॅशियाचा थरही दाट टाक्यांनी बंद हवा. जखमेतल्या ड्रेनला (स्राव बाहेर काढणाऱ्या नळीला) जोराचं सक्शन ठेवलं, तर तोच पाणी खेचत राहतो.

वॉर्डात सगळा खेळ दाबाचा. आडवं असताना कमरेपाशी दाब साधारण १० ते १५ सेंमी पाण्याइतका असतो, उठून बसलं की ४० च्या घरात जातो. म्हणून कमरेच्या शस्त्रक्रियेनंतर बरेच सर्जन एक ते तीन दिवस सपाट झोपवतात, मानेच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र डोकं उंच ठेवतात. शेजारच्या खाटेवरचा पेशंट बसला म्हणून आपल्यालाही बसवू नका. उलट, सांगितल्यापेक्षा जास्त दिवस पडून राहिलात तर पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. झोपूनही पावलं हलवत राहा.

कमरेत सीएसएफ काढणारा वेगळा ड्रेन असेल तर तासाला साधारण १० ते १५ मिली पाणी काढतात. अशा वेळी नातेवाइकांनी परस्पर खाट वरखाली केली, तर हा हिशेब बिघडतो. पाणी फार निघून गेलं तर डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. खाट हलवण्याआधी नर्सला बोलवा, त्या ड्रेन बंद करतील.

घरी आल्यावर सर्वांत दुर्लक्षित शत्रू म्हणजे बद्धकोष्ठता. ट्रॅमाडोलसारख्या वेदनाशामकांनी शौचाला घट्ट होते, माणूस कुंथतो आणि शिवणीवर दाब येतो. पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. कमोड वापरा. खोकला अंगावर काढू नका. पाण्याची भरलेली बादली दुसऱ्याला उचलू द्या. तंबाखू, सिगारेट बंद. जखम भरायला त्या आड येतात.

बसलं की डोकं ठणकतं आणि आडवं झालं की उतरतं, अशी डोकेदुखी पाणी गळत असल्याची खूण असू शकते, ती गोळ्या घेऊन दाबू नका. जखमेखाली मऊ फुगवटा आला तर शेकू नका, चोळू नका, गल्लीतल्या दवाखान्यात सुई घालून पाणी काढून घेऊ नका. त्याने जंतू आत जातात.

ड्रेसिंग ओलं झालं की त्यावर आणखी कापूस चढवणं ही नेहमीची चूक. घाम असेल, असं म्हणून दिवस घालवू नका. चादरीवर मधे रक्त आणि भोवती फिकट कडं दिसलं तर संशय घ्यावा, पण तेवढ्याने निदान होत नाही. पाण्यातली साखर तपासणारी पट्टीही फसवते. खात्री बीटा-२ ट्रान्सफेरिन या सीएसएफमधल्या प्रथिनाच्या चाचणीने होते. तोवर सर्जनने सांगितलेल्या स्थितीत झोपून, जखम निर्जंतुक गॉजने झाकून त्याच दिवशी सर्जनला कळवा. ताप, मान आखडणं, उजेड सहन न होणं, गुंगी, पायांची ताकद कमी होणं किंवा लघवी अडणं यांपैकी काहीही दिसलं, तर रात्र असली तरी थेट इमर्जन्सीत जा.