हिंसापीडित महिलांच्या आधारसेवेसाठी शासकीय निधी: स्वयंसेवी संस्थेने काय करावे

कौटुंबिक किंवा लैंगिक हिंसेला तोंड देणाऱ्या महिलांना समुपदेशन, निवारा किंवा पोलीस ठाण्यात आणि न्यायालयात सोबत देणाऱ्या महाराष्ट्रातील बहुतेक संस्था काम आधी सुरू करतात आणि शासकीय निधीचा विचार पुष्कळ उशिरा करतात. हा क्रम चुकीचा नाही, कारण ज्या संस्थेकडे दाखवण्याजोगे काम नाही तिला अनुदान मिळणे अवघडच असते. मात्र ‘आमचे काम चांगले आहे, मदत करा’ एवढेच म्हणत कार्यालयात गेल्यास हाती काही लागत नाही. शासनाचा प्रत्येक रुपया कोणत्या ना कोणत्या योजनेच्या लेखाशीर्षाखाली येतो, म्हणून प्रस्ताव लिहायला बसण्यापूर्वी आपली सेवा नेमक्या कोणत्या लेखाशीर्षात, म्हणजे ‘हेड’मध्ये, बसते हे ठरवावे लागते.

त्याही आधी पीडितेसाठी असलेला पैसा आणि सेवेसाठी असलेला पैसा यांतला फरक संस्थेतील सर्वांना स्पष्ट असावा. राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि अ‍ॅसिड हल्ला यांतील पीडितांना अर्थसाहाय्य देते व ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मिळते. अर्ज भरण्यास संस्थेने जरूर मदत करावी, पण त्या रकमेशी संस्थेच्या खर्चाचा काहीही संबंध येता कामा नये. तसेच १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार कोणत्याही महिलेला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो आणि बलात्कार पीडितेवर मोफत उपचार करणे सरकारी व खासगी अशा दोन्ही रुग्णालयांवर बंधनकारक आहे. जे शासन आधीच मोफत देते तेच अंदाजपत्रकात लिहिल्यास छाननी करणारा ते वगळतो आणि बाकीच्या आकड्यांकडेही संशयाने पाहू लागतो.

आता हेडकडे वळू. केंद्राच्या मिशन शक्ती योजनेच्या मार्गदर्शक सूचना २०२२ मध्ये आल्या आणि त्यात जुन्या अनेक योजना ‘संबल’ व ‘सामर्थ्य’ या दोन उपयोजनांत एकत्र केल्या गेल्या. सखी वन स्टॉप सेंटर (हिंसापीडित महिलेला वैद्यकीय, पोलीस व कायदेशीर मदत आणि तात्पुरता निवारा एकाच जागी देणारे केंद्र) आणि १८१ ही महिला हेल्पलाइन संबलमध्ये येतात व त्यांचा खर्च महिलांच्या सुरक्षिततेसाठीच्या निर्भया निधीतून पूर्णपणे केंद्र करते. वन स्टॉप सेंटरचा कारभार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती पाहते. त्यामुळे तेथे संस्थेला वाव मिळालाच तर तो जिल्हा प्रशासनाच्या जाहिरातीतून मिळतो, स्वतंत्र अर्जाने नव्हे. निवाऱ्याचे काम करणाऱ्यांसाठी सामर्थ्यमधील ‘शक्ती सदन’ हा घटक महत्त्वाचा आहे. पूर्वीच्या स्वाधार गृह आणि (मानवी तस्करीतील पीडितांसाठीची) उज्ज्वला या योजना त्यात विलीन झाल्या असून महाराष्ट्रात त्याचा खर्च केंद्र व राज्य ६०:४० या प्रमाणात उचलतात. मिशन शक्तीची ही आखणी २०२५-२६ पर्यंतच्या कालावधीसाठी केलेली आहे. म्हणून जुन्या पीडीएफवर विसंबून न राहता जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडून लागू असलेल्या आदेशाची प्रत घ्यावी आणि प्रस्तावात तिचा क्रमांक व दिनांक नमूद करावा.

तालुका पातळीवर समुपदेशन केंद्र चालवणाऱ्या लहान संस्थेला दिल्लीपेक्षा जिल्हा परिषद जवळची असते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. जिल्हा परिषदेने स्वउत्पन्नाचा १० टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचा असतो आणि त्यातून घ्यावयाच्या योजनांत महिलांसाठी समुपदेशन केंद्र चालवणे ही बाबही आहे. रक्कम लहान असते, पण वाटही छोटी असते. अंदाजपत्रक मार्चमध्ये मंजूर होत असल्याने दिवाळीनंतर लगेच महिला व बालकल्याण विभागाशी बोलणे सुरू करावे. फेब्रुवारीत गेलेल्या संस्थेला बहुधा ‘पुढच्या वर्षी बघू’ हेच उत्तर मिळते. बालकांच्या प्रकरणांत पोक्सो (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायद्याच्या नियमांनुसार तपास व खटल्यादरम्यान बालकाच्या मदतीला नेमल्या जाणाऱ्या सहाय्यक व्यक्तीचे मानधन जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून मिळण्याची तरतूद आहे. अशा कार्यकर्त्याचा पगार दुसऱ्या अनुदानातही दाखवू नये, एवढी काळजी घ्यावी.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम १० खाली ‘सेवा पुरवठादार’ म्हणून होणाऱ्या नोंदणीने पैसा येत नाही, आणि म्हणूनच बऱ्याच संस्था ती टाळतात. माझ्या मते ही टाळाटाळ महागात पडते. नोंदणीकृत संस्थेला महिलेची इच्छा असल्यास कौटुंबिक घटनेचा अहवाल स्वतः नोंदवून दंडाधिकारी व संरक्षण अधिकाऱ्यांकडे (याच कायद्याखाली शासनाने नेमलेले अधिकारी) पाठवता येतो, तिची वैद्यकीय तपासणी करून घेता येते, तिला निवारा मिळवून देता येतो आणि सद्भावनेने केलेल्या अशा कृतीला कायद्याचे संरक्षण मिळते. अर्ज नियमांतील नमुना ६ मध्ये राज्य शासनाकडे करायचा असून अर्जापूर्वी किमान तीन वर्षे अशा प्रकारचे काम केलेले असणे आवश्यक आहे. ही तीन वर्षे कागदावर दिसली पाहिजेत, त्यामुळे पहिल्या दिवसापासून आवक नोंदवही आणि प्रत्येक प्रकरणाची फाईल ठेवावी.

कागदपत्रांपैकी पॅन, प्राप्तिकर कायद्याखालील नोंदणी (पूर्वीची १२अ), नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरील क्रमांक आणि तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब यांची जुळवाजुळव महिनाभरात होते. खरी अडचण धर्मादाय कार्यालयात असते. परिशिष्ट १ चा, म्हणजे संस्थेच्या विश्वस्तांची नोंद असलेला, ताजा उतारा काढला की त्यावर वारलेल्या अध्यक्षांचे नाव आणि राजीनामा देऊन गेलेल्या खजिनदारांचे नाव तसेच असते, कारण बदल अर्ज भरलेलाच नसतो किंवा भरूनही प्रलंबित असतो. ठरावावर सही करणारी व्यक्ती उताऱ्यावर नसेल तर प्रस्ताव तिथेच अडकतो. बदल झाल्यापासून ९० दिवसांत अर्ज करणे कायद्याने अपेक्षित आहे; उशीर झाला असल्यास विलंब माफीच्या विनंतीसह तो ताबडतोब दाखल करावा आणि पोचपावती प्रस्तावाला जोडावी.

प्रस्तावात महिलांवरील अत्याचारांची राष्ट्रीय आकडेवारी देऊन पाने भरू नयेत. ती अधिकाऱ्यांना तोंडपाठ असते. आपल्या तालुक्यात सर्वांत जवळचे वन स्टॉप सेंटर किती किलोमीटरवर आहे, तिकडे जाणारी शेवटची एसटी किती वाजता सुटते आणि रात्री लेकरांसह घराबाहेर पडलेल्या बाईची सकाळपर्यंत आज कुठे सोय होते, हे लिहावे. जे चालते हे दाखवून दिले आहे त्याला शासन पैसा देते, याची ठळक उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष पुढे राज्य शासनाने स्वीकारला. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि आरोग्यविषयक संशोधन करणारी ‘सेहत’ ही संस्था यांनी मिळून हिंसापीडित महिलांसाठी उभे केलेले ‘दिलासा’ केंद्रही नंतर मुंबईतील इतर रुग्णालयांत पोहोचले.

गोपनीयतेविषयी मात्र अर्ज करण्याआधीच संस्थेने लेखी धोरण ठरवले पाहिजे, कारण निधी आला की लाभार्थींची यादी, आधार क्रमांक, फोटो आणि ‘यशोगाथा’ यांची मागणी सुरू होते. बलात्कार पीडितेची ओळख उघड होईल असे काहीही प्रसिद्ध करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा आहे, आणि पोक्सोच्या प्रकरणांत बालकाच्या ओळखीला वेगळे संरक्षण आहे. संस्थेचा वार्षिक अहवाल किंवा फेसबुकवरील फोटोही या बंधनातून सुटत नाही. व्यवहारात दोन नोंदवह्या ठेवाव्यात. पहिलीत नाव, पत्ता व सांकेतिक क्रमांक असावा आणि ती कुलपात, एकाच जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात राहावी. दुसरीत केवळ सांकेतिक क्रमांक, वयोगट, तालुका, हिंसेचा प्रकार आणि दिलेली सेवा असावी. मासिक अहवाल या दुसऱ्या वहीतूनच तयार व्हावा. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांना मूळ नोंदी पाहायच्या असल्यास त्या कार्यालयात, जबाबदार व्यक्तीच्या समोर दाखवाव्यात, झेरॉक्स देऊ नये. अधिकारी नाराज होतील ही भीती बहुधा अनाठायी असते. कलमाचा उल्लेख असलेले लेखी धोरण समोर ठेवले की बहुतेक जण समजून घेतात.

मंजुरीचा आदेश आला म्हणजे पैसे आले असे नव्हे. बंधपत्र, पीएफएमएस या शासकीय निधीच्या ऑनलाइन प्रणालीवरील नोंदणी आणि वेगळे बँक खाते झाल्यावर पहिला हप्ता मिळतो, आणि पुढचा हप्ता मागील रकमेचे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे यूसी, दिल्यावर. केंद्रीय अनुदानासाठी हे प्रमाणपत्र सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधील नमुना १२-अ मध्ये द्यावे लागते. खात्यावर मिळालेले व्याज संस्थेचे नसते, ते शासनाकडे भरावे लागते. अनुदानातून घेतलेला संगणक किंवा कपाट परवानगीशिवाय विकता येत नाही. अटी मोडल्यास रक्कम १० टक्के व्याजासह परत करण्याची हमी बंधपत्रात असते, म्हणून कार्यकारिणीच्या सर्व सदस्यांनी ते वाचूनच सही करावी.

हप्ते लांबतात, हे गृहीत धरूनच चालावे. समुपदेशिकेचा किमान सहा महिन्यांचा पगार देणग्यांतून वेगळा बाजूला ठेवल्याशिवाय शासकीय केंद्र हाती घेऊ नये, कारण पगार थकला की अनुभवी समुपदेशिका जाते आणि तिच्यासोबत महिलांचा विश्वासही जातो. भाडे, वीज आणि फोन यांचा भार एकाच अनुदानावर टाकू नये.

अनुदान संपण्याची शक्यता दिसू लागल्यास तीन महिने आधी चालू प्रकरणांची यादी करावी. प्रत्येक महिलेला समक्ष कल्पना द्यावी आणि तिच्या लेखी संमतीने फाईलचा आवश्यक भाग संरक्षण अधिकारी, वन स्टॉप सेंटर किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यांपैकी योग्य त्या ठिकाणी सोपवून पोच घ्यावी. केंद्राचा फोन नंबर बंद करण्यापूर्वी काही महिने तो १८१ कडे किंवा संस्थेच्या दुसऱ्या कार्यालयाकडे वळवून ठेवावा.