न उडवलेला बॉल लोकांना 'दिसतो', करून बघा

तळहातात लपेल एवढा छोटा बॉल घ्या आणि कुणालातरी समोर बसवा. बॉल दोनदा खरंच वर उडवा, सावकाश, एकाच लयीत, आणि दर वेळी तुमची नजर बॉलबरोबर वर गेली पाहिजे. तिसऱ्यांदा हात तसाच हलवायचा पण बॉल बोटांत धरूनच ठेवायचा, मान आणि डोळे मात्र वर न्यायचे. खूप जणांना तो वर जाताना दिसतो आणि मग हवेतच गायब!

सगळा खेळ नजरेचा आहे बरं का, हात कितीही सफाईदार असू दे, तुम्ही स्वतः हाताकडे बघितलंत की मजा गेली. २००६ मध्ये गुस्ताव कून आणि मायकल लँड या संशोधकांनी हेच तपासलं, जादूगार वर बघत होता तेव्हा साधारण दोन तृतीयांश लोकांना तो भास झाला, हाताकडे बघत होता तेव्हा जेमतेम एक तृतीयांश. आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की बॉल जिथे 'दिसला' तिथे बहुतेकांचे डोळे गेलेच नव्हते, ते जादूगाराच्या चेहऱ्याकडे बघत होते, बाकीचं मेंदूने अंदाजाने भरून टाकलं.

लगेच विचारा, 'काय दिसलं?' एवढंच, जास्त सुचवू नका. आणि त्याच माणसाला परत दाखवू नका, दुसऱ्यांदा तो हातावरच नजर ठेवतो.