पावसाळ्याआधी थार, जिमनी, गुरखाच्या बंपर-रॅक-स्लायडरची तयारी: गंज जिथून शिरतो ती जागा मे महिन्यातच बंद करा

ज्यांच्या असल्या ऑफ-रोड गाडीला स्टीलचा बंपर, रॉक स्लायडर (दाराखालची कड दगडांपासून वाचवणारा जाड पाइप), रूफ रॅक, मागची शिडी, जेरीकॅन होल्डर असलं काही लावलेलं आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. कोकणात पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो, त्यामुळे ही सगळी कामं मे संपायच्या आत उरका, कारण प्रायमरला आणि वॅक्सला दोन्हीला कोरडं लोखंड लागतं आणि एकदा जून लागला की ते मिळत नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. पावडर कोटिंग म्हणजे लोखंडावर साधारण 180 ते 200 डिग्रीला भट्टीत भाजलेली प्लॅस्टिकची कातडी, जाडी बहुतेक वेळा 60 ते 100 मायक्रॉन. सपाट भागावर ती फार छान टिकते, तिथे वर्षानुवर्षं काही होत नाही. गंज शिरतो तो कडांवरून, वेल्डिंगच्या सांध्यातून, बोल्टच्या भोकातून आणि पाइपच्या आतून. धारदार कडेवर पावडर वितळताना मागे सरकते आणि थर पातळ होतो, आतल्या कोपऱ्यात तर पावडर नीट पोचतच नाही कारण ती विजेच्या भाराने चिकटते आणि खोल कोपऱ्यात तो भार पोचत नाही. म्हणून तपासणी करताना समोरचा चकाचक भाग सोडा आणि टॉर्च घेऊन गाडीखाली झोपा, आरसा असेल तर तो पण घ्या.

नवीन ॲक्सेसरी अजून घ्यायचीच असेल तर ही तयारी दुकानातच सुरू होते. विचारा की कोटिंगच्या आधी ब्लास्टिंग (खडे-वाळूच्या माऱ्याने लोखंड साफ करणं) केलंय का, फॉस्फेटिंग (कोटिंग घट्ट धरावं म्हणून रासायनिक थर देणं) केलंय का, खाली झिंक म्हणजे जस्ताचा प्रायमर आहे का. भोसरी-चाकणकडे जॉबवर्क करणारे बरेच पावडर कोटिंगवाले आहेत, त्यांना सांगितलं तर ते खाली झिंक प्रायमर मारून देतात, पैसे थोडे जास्त लागतात पण रत्नागिरी-मालवणात राहणाऱ्याने ते द्यावेतच. लेझरने कापलेल्या प्लेटची कड बोट फिरवून बघा, ऑक्सिजनने कापलं असेल तर कडेवर ऑक्साइडचा काळपट थर राहतो, तो घासून काढला नसेल तर पुढे त्याच्यासकट कोटिंग पोपड्यासारखं सुटून येतं. वेल्डिंगचे उडालेले थेंब तसेच ठेवून वर पावडर मारलेली दिसली तर माल परत करा. आणि पुढचा बुलबार (बंपरसमोरची लोखंडी चौकट) घेणार असाल तर डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने क्रॅश गार्ड, बुलबारवर कारवाई करायला राज्यांना कळवलेलं आहे, शिवाय एअरबॅगच्या सेन्सरचा प्रश्न येतो, तेव्हा आधी तो विचार करा, गंजाचा नंतर.

आता लावलेल्या मालाकडे या. सगळं खोलायची गरज नाही, स्किड प्लेट (गाडीच्या पोटाखालचा संरक्षक पत्रा) मात्र खोलाच, ते टाळू नका. प्लेट आणि चासी यांच्या मध्ये गेल्या वर्षीचा चिखल बसलेला असतो आणि तो ओल धरून ठेवतो. बाकी सगळं साध्या पाण्याने आणि सौम्य कार शाम्पूने धुवा, भांड्याची पावडर किंवा ॲसिडवालं काही वापरू नका. प्रेशर वॉशर वापरणार असाल तर टवका उडालेल्या जागेवर जवळून मारू नका, पाणी कोटिंगच्या खाली शिरतं आणि कड अजून उचलली जाते. किनाऱ्याजवळ राहत असाल तर पाणी कुठलं आहे ते बघा, मचूळ बोअरच्या पाण्याने धुतलं तर मीठ काढण्याऐवजी आपणच लावतोय. गोड्या विहिरीचं किंवा नळाचं पाणी शेवटी एकदा तरी फिरवा आणि मग गाडी अख्खा दिवस उन्हात ठेवा.

टवक्यांचं काम सगळ्यात महत्त्वाचं, इथे घाई करायची नाही. गंज कोटिंगखाली दिसतो त्यापेक्षा लांब पसरलेला असतो, म्हणून सुट्टं झालेलं कोटिंग ब्लेडने टोकरत जा, घट्ट चिकटलेला भाग लागेपर्यंत. मग 80 नंबरच्या पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत करा, भोवतालची कड 220 ने उतरती करा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, थिनर नको कारण काही कोटिंग त्याने मऊ पडतं. लोखंड पूर्ण स्वच्छ झालं असेल तर झिंकचं प्रमाण जास्त असलेला प्रायमर मारा, जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं, पण त्यासाठी त्याचा उघड्या लोखंडाला थेट स्पर्श हवा. खड्ड्यांमध्ये गंज उरलाच असेल तर तिथे रस्ट कन्व्हर्टर (उरलेल्या गंजाला स्थिर थरात बदलणारं रसायन) लावा आणि त्याच्यावर झिंक प्रायमर न मारता इपॉक्सी प्रायमर मारा. हा फरक बरेच पेंटरसुद्धा पाळत नाहीत आणि मग दोन महिन्यांत तीच जागा परत फुगते. प्रायमरवर काळ्या टॉप कोटचे दोन-तीन पातळ हात, प्रत्येक हाताच्या मध्ये डब्यावर दिलेला वेळ पाळायचा. नुसता काळा स्प्रे गंजावर मारून झाकू नका, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, तो आतून फुगत राहतो आणि वरचा रंग उचलतोच.

पाइपच्या आतलं कुणी बघत नाही आणि स्लायडर कुजतात ते तिथूनच. पावडर पाइपच्या आत फार तर तोंडापाशी थोडी जाते, पुढे उघडं लोखंड. लांब नळीवाला कॅव्हिटी वॅक्सचा (पोकळ भागात आतून मारायच्या मेणाचा) कॅन घ्या, नळी शेवटपर्यंत घालून बाहेर ओढत ओढत स्प्रे करा, दुसऱ्या दिवशी परत एकदा. खालची ड्रेन होल तारेने मोकळी करा. पाइपची तोंडं सिलिकॉनने बंद करायचा मोह टाळा, आत गेलेलं पाणी मग बाहेरच येत नाही. ब्रॅकेटच्या फटीत सीलंट भरायचंच असेल तर न्यूट्रल क्युअरवालं घ्या, ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते उघड्या लोखंडाला गंज लावतं.

नटबोल्ट. प्रत्येक बोल्ट काढायची गरज नाही, पण ज्याच्याभोवती तांबूस ओघळ दिसतोय तो काढा, भोकाच्या आतल्या कडेला प्रायमर लावा, नायलॉन वॉशर टाका, ग्रीस लावून परत बसवा. शिडी, नंबरप्लेट असल्या किरकोळ जागी एसएस (स्टेनलेस स्टील) बोल्ट चालतील, खाली नायलॉन वॉशर हवाच कारण खाऱ्या पाण्यात एसएसला टेकलेलं उघडं लोखंड लवकर गंजतं. टो हुक, रिकव्हरी पॉइंट (अडकलेली गाडी ओढायला दोर लावतात ती जागा), विंचच्या (दोर गुंडाळून गाडी ओढणाऱ्या यंत्राच्या) जागी मात्र 8.8 किंवा 10.9 ग्रेडचे (ताकदीचे आकडे) हाय टेन्साइल बोल्ट काढून बाजारातले साधे एसएस अजिबात बसवू नका, त्यांची ताकद कमी असते आणि तिथे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. बोल्टखालचं कोटिंग दाबाने बसत जातं म्हणून 500 किलोमीटरनंतर सगळं परत एकदा टाइट करा.

लाइट बार लावला असेल तर त्याची अर्थिंग बघा. फिटर लोकं बंपरचं कोटिंग खरवडून तिथेच अर्थची वायर पकडतात आणि पहिल्याच पावसात तिथून गंज सुरू होतो, अर्थची वेगळी वायर बॅटरीपर्यंत किंवा कंपनीच्या अर्थ पॉइंटपर्यंत न्या. शॅकल (दोर अडकवायची लोखंडी कडी) बंपरवर आपटतो तिथे रबरी आयसोलेटर (मधे बसणारं रबर), जॅक आणि जेरीकॅन जिथे घासतात तिथे रबरी पट्टी, फक्त पट्टीखाली पाणी साचत नाही ना ते अधूनमधून उचलून बघायचं.

वॉशिंग सेंटरवाल्याला आधीच सांगून ठेवा की खालून डिझेल मारायचं नाही. ते थोडे दिवस चमकतं, धूळ धरतं, पावसात धुऊन जातं आणि सस्पेन्शनचे रबरी बुश खराब करतं. गाडी ओली असताना ताडपत्री घालू नका, आत वाफ कोंडते. आंबोलीसारख्या ठिकाणी जाऊन आलात, जिथे वर्षाला 7000 मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तरी ते पाणी गोडं असतं, एक-दोन दिवसांत धुतलं तर चालतं. तारकर्ली, दिवेआगर, गुहागरच्या खाऱ्या वाऱ्यात गाडी उभी राहिली असेल तर त्याच दिवशी धुवा, मीठ हवेतली ओल ओढून घेतं आणि गंजाला पावसाची वाटही बघावी लागत नाही. आणि वाळूवर, लाटांत गाडी घालूच नका, गोव्यात तर किनाऱ्यावर गाडी चालवायला बंदीच आहे.

शेवटी डिकीत एक पिशवी ठेवा, त्यात छोटा पॉलिश पेपर, सुकं फडकं, वॅक्सचा कॅन. ट्रेलवर दगड लागून टवका उडाला तर भर पावसात रंग मारत बसू नका, ओल्यावर तो धरत नाही. पुसा, जमेल तेवढं सुकवा, वर वॅक्सचा जाड थर मारा आणि जागा फोनमध्ये फोटो काढून ठेवा. ऑगस्टात चार दिवसांची उघडीप मिळाली की वॅक्स रॉकेलने पूर्ण काढून, अल्कोहोलने पुसून तिथे नीट प्रायमर मारता येतो.