गावातून पहिल्या दोनशेला निघताना

सायकलवर पहिल्यांदा दोनशे किलोमीटरची राइड करायची ठरवलीत, तर आधी कॅलेंडर काढा आणि कापसाचा वेचा कधी येतो ते पाहा. सायकलचं नंतर. विदर्भात सायकलीचे आणि पळण्याचे बहुतेक कार्यक्रम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत होतात, कारण पुढचं ऊन डोक्यावर घेऊन दोनशे किलोमीटर चालवणं म्हणजे जिवाशी खेळ. नेमकी तेव्हाच आमच्या वर्धा जिल्ह्यात, आर्वीकडे पऱ्हाटी फुटलेली असते, तूर शेंगांवर असते आणि चण्याला पाणी द्यायचं असतं. म्हणून पैसे भरून नाव नोंदवण्याआधी घरच्यांसोबत बसा. त्या शनिवारी-रविवारी मोटर कोण चालू करणार, गुरांकडे कोण पाहणार, वेचणाऱ्या बायांचा कापूस कोण मोजून घेणार, हे नावानिशी ठरवा. ‘होऊन जाईल’ या उत्तरावर थांबू नका.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, शेती घरचे पाहतात. तरीही पहिल्या वेळी मी हे ठरवलं नव्हतं. आदल्या दिवशी ओलिताची पाळी रात्रीची आली, घरच्यांसोबत मीही बाराच्या पुढे शेतात होते, आणि मी दोन तास झोपून स्टार्टला गेले. १४० किलोमीटरवर डोळे मिटायला लागले तेव्हा सायकल बाजूला घेतली. पाय चालत होते, श्वास ठीक होता, फक्त झोप नव्हती. त्यामुळे माझ्या यादीत झोप पहिली येते, हेल्मेट दुसरं.

दोनशे म्हणजे २०० किलोमीटरची बीआरएम, ठरलेल्या वेळेत आपल्या बळावर पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड. नागपूर, अमरावतीहून निघणाऱ्या या राइडला वेळ मिळतो साडेतेरा तास, आणि त्यात सगळं आलं: चहा, जेवण, पंक्चर, झाडाखाली पाच मिनिटं टेकणं. हिशेब मांडून पाहा. रस्त्यावर तासाला २० किलोमीटरने चाललात तर पायडल मारण्यात दहा तास जातात, थांबायला साडेतीन तास उरतात. ही शर्यत नाही, यात पहिला-दुसरा नंबर नसतो. मात्र वाटेत ठरलेल्या कंट्रोलवर, म्हणजे तपासणीच्या थांब्यावर, ठरलेल्या वेळेच्या आत पोचून कार्डावर नोंद घ्यावी लागते. आणि मागे मदतीची गाडी ठेवता येत नाही. आपलं कोणी भेटायला येणार असेल तर त्याने कंट्रोलवरच भेटायचं, मधल्या रस्त्यात बाटली दिली तरी राइड बाद होऊ शकते. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली, तेव्हापासून आमच्या शाळेतल्या पोट्ट्यांना वाटतं की लांब पल्ल्याला मागून माणसं आणि गाडी असतेच. त्या शर्यतीत असते. बीआरएममध्ये जे लागेल ते स्वतःच्या पिशवीतून निघायला हवं. खालची यादी त्यासाठीच आहे.

सराव दहा-बारा आठवड्यांचा धरा. ‘मी रोज शेतात राबतो, मला वेगळा सराव कशाला’ असं म्हणणारे खूप भेटतात. शेतातल्या कामाने दम आणि चिवटपणा येतो हे खरं, पण आठ-नऊ तास एकाच बैठकीत सीटवर बसायची सवय त्यातून येत नाही. मान, तळहात आणि बैठक यांना ती वेगळी लावावी लागते. आठवड्यात दोन दिवस तास-तास, आणि रविवारी एक लांब राइड: ४०, मग ५०, मग ६५, मधल्या एका रविवारी कमी, असं करत एकदा १२० ते १४० पर्यंत जा. तितकी झाली की दोनशे होते. शेवटचा आठवडा हलका ठेवा. तळेगावजवळचा सत्याग्रही घाट एकदा तरी चढून-उतरून पाहा, आणि अमरावतीकडचे असाल तर परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट आहेच. सीटची उंची मात्र पहिल्याच आठवड्यात बघून घ्या: खालच्या पायडलवर टाच ठेवली की गुडघा सरळ झाला पाहिजे. ठेंगण्या सीटवर महिनाभर चालवून गुडघे दुखवून घेतलेले दोघं-तिघं आमच्याच गावात आहेत.

सायकल कोणती, यावर मी जास्त बोलणार नाही. गिअरची हायब्रिड उत्तम, एमटीबीवरही, म्हणजे जाड टायरच्या डोंगरी सायकलवरही, दोनशे होते. ब्रेक, चेन आणि दोन्ही चाकं महिनाभर आधी दाखवून घ्या. नवीन सीट, नवीन टायर, नवीन बूट राइडच्या आठवड्यात घालू नका.

पंक्चरवर मात्र बोलायलाच हवं. आपल्या पांदण रस्त्यांवर आणि डांबराच्या कडेला गोखरूचे काटे पडलेले असतात. धुऱ्यावरच्या बाभळी छाटल्या की त्यांचे वेगळे. शहरातला सायकलवाला एक ट्यूब घेऊन निघतो, आपण दोन घ्याव्यात, वर ठिगळांची डबी, सोल्युशन, टायर उचकटायच्या दोन पट्ट्या (टायर लिव्हर) आणि छोटा पंप. सोल्युशनची ट्यूब एकदा उघडली की महिन्याभरात वाळते, निघण्याआधी दाबून पाहा. ट्यूब काढल्यावर घाईने नवी बसवू नका, आधी टायरमध्ये अडकलेला काटा शोधा, नाहीतर दहा मिनिटांत दुसरीही जाते. त्यासाठी कापसाचा बोळा घ्या आणि टायरच्या आतून हळूहळू फिरवा. काट्याचं टोक असेल तिथे तंतू अडकतात. बोटाने शोधलं तर बोट फाटतं. ठिगळ लावताना सोल्युशन फासून ते चिकट लागेनासं होईपर्यंत थांबा, मगच दाबा.

आणखी एक गोष्ट, जी आम्हाला कोणी सांगितली नव्हती. नव्या सायकलींच्या ट्यूबला बऱ्याचदा बारीक तोंडाचा प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो. गावातल्या पंक्चरच्या दुकानातला पंप जुन्या वॉलट्यूबच्या सायकलींचा किंवा मोटारसायकलचा, तो यावर बसत नाही. एक पितळी अडॅप्टर मिळतो, बोटाच्या पेराएवढा. तो आधीच व्हॉल्व्हवर फिरवून ठेवा किंवा ठिगळांच्या डबीत टाका, म्हणजे कोणत्याही फाट्यावर हवा भरता येईल. ट्यूब आणि टायरचे आकडेही कागदावर लिहून जवळ ठेवा. तालुक्याच्या दुकानात ७००सी मापाची ट्यूब मिळेलच असं धरून चालू नका.

दिवे. स्टार्ट बहुतेक वेळा उजाडायच्या आधी असतो आणि साडेतेरा तासांत संध्याकाळ होतेच. पुढे पांढरा, मागे लाल दिवा, हेल्मेट आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट लागतंच, त्याशिवाय सोडत नाहीत. पण नियमासाठी नाही, आपल्या रस्त्यांसाठी घ्या. वेच्याच्या दिवसांत कापसाने भरलेल्या बंड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जिनिंगकडे चाललेल्या असतात, त्यांच्या मागे ना दिवा ना लाल कापड. तुमचा दिवा दुसऱ्यांना तुम्ही दिसावेत म्हणून जितका, तितकाच समोरची बंडी तुम्हाला दिसावी म्हणून. रस्त्यावर वाळायला टाकलेलं सोयाबीन किंवा तूर दिसली तर ब्रेक न दाबता वेग आधीच कमी करा, कुटारावरून चाक सर्रकन घसरतं. कुत्रं मागे लागलं तर उतरा, सायकल मध्ये धरा आणि चालत पुढे जा. पळाल तर तेही पळतं.

कपड्यांचं गणित पहाटेच्या थंडीने बिघडतं. २०१८ साली २९ डिसेंबरला नागपुरात ३.५ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. तेवढी थंडी रोज नसते, पण आठ-दहा अंशांत पहाटे सायकलवर वारा लागला की बोटं ब्रेकवर वळत नाहीत. हातमोजे, कानटोपी, आणि छातीवर जॅकेटच्या आत दुमडलेला जुना पेपर. नऊ वाजता पेपर काढून टाका, दुपारी फुलबाहीचं पातळ सुती पुरतं. वाऱ्याचाही अंदाज घ्या. हिवाळ्यात आपल्याकडे तो बऱ्याचदा उत्तर-पूर्वेकडून असतो, म्हणजे नागपूरहून अमरावतीकडे जाताना पाठीवर आणि परतीला, नेमके पाय थकलेले असताना, तोंडावर. पहिल्या शंभरात वेग छान लागला म्हणून हरखून जाऊ नका.

खाण्याचं घरूनच न्या. भूक लागल्यावर खाणं म्हणजे उशीर झाला. दर पाऊण तासाला काहीतरी तोंडात टाकायचं. माझ्या पिशवीत गूळ-फल्लीदाण्याचे छोटे लाडू, केळी, आणि दुधात मळलेल्या दशम्या असतात. दशमी दिवसभर मऊ राहते आणि पोटाला जड होत नाही. मोसम असेल तर वाटेत संत्री मिळतात. ढाब्यावर तर्री पोहे किंवा आलुबोंडा-रस्सा समोर आला की मन फार ओढतं, पण पुढे सत्तर किलोमीटर असतील तर तिखट टाळा. पाण्याच्या दोन बाटल्या, एक साधी, एक मीठ-साखरेची. ओआरएसचं पाकीट घेतलं तर त्यावर लिहिलेल्याच मापाच्या पाण्यात टाका, घरी करायचं असेल तर एक लिटरला चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि त्याच चमच्याने अर्धा चमचा मीठ. तहान नसताना नुसतं साधं पाणी ढोसत राहणं चांगलं नाही, अंगातलं मीठ पातळ होतं.

बायांसाठी यादीत चार गोष्टी जास्त, आणि त्या कुठल्याच यादीत लिहिलेल्या नसतात. पहाटे अंधारात एकटीने सराव करू नका, दोघी निघा. गाव पहिले आठ दिवस पाहतं, नंतर तोच गाव ‘मॅडम, आज उशीर झाला का’ म्हणून विचारतो. वाटेवर कोणत्या पेट्रोल पंपावर बायांचं स्वच्छतागृह आहे हे सरावाच्या दिवशीच पाहून ठेवा, कारण जागा नाही म्हणून पाणी कमी पिणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत आणि दुपारी त्यांचं डोकं धरतं. पाळीची तारीख जवळ असेल तर पॅड आणि कागदी पिशव्या सोबत, आणि त्या दिवसांत एकदा लांब सरावही करून पाहा. बैठकीला गादी असलेली सायकलची चड्डी घ्याच, वरून सैल सलवार घातली तर तिचा उजवा पाय रबराने बांधा, चेनमध्ये जातो.

कोणाला सायकलीपेक्षा पळणं जमतं. आपल्याकडे प्रत्येक गावच्या रस्त्यावर पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी धावताना दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, जीव तोडून. त्यांच्यात दम भरपूर असतो, पण हाफ मॅरेथॉन २१.१ किलोमीटरची आणि पोरं सुरुवातीला भरतीचाच वेग धरतात, मग बाराव्या किलोमीटरवर पोटरी धरून बसतात. त्यांना माझं एकच सांगणं: पहिले पाच किलोमीटर शेजारच्याशी बोलता येईल इतक्या सावकाश. बूट सरावातलेच घाला. बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, बहुतेक ठिकाणी आदल्या दिवशी शहरात जाऊन घ्यावा लागतो, म्हणजे मुक्काम आलाच, त्याचा खर्च नोंदणीच्या पैशांत आधीच मिळवून ठेवा.

ट्रायथलॉनचं स्वप्नही आता तालुक्यापर्यंत आलं आहे, आणि इथे मला कळकळीने थांबवायचं आहे. छोट्या, स्प्रिंट प्रकारात ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर पळणं असतं. सायकल आणि पळणं गावात होतं. पोहणं मात्र शेततळ्यात शिकू नका. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्याच्या उतारावर शेवाळ धरतं, पाय टिकत नाही, हाताला धरायला काही नसतं, आणि चांगला पोहणाराही काठावर येऊन बाहेर निघू शकत नाही. दरवर्षी अशी पोरं जातात. सरावाला जिल्ह्याच्या गावचा जलतरण तलाव, जिथे जीवरक्षक बसलेला असतो. २५ मीटरच्या तलावात ७५० मीटर म्हणजे तीस फेऱ्या. त्या न थांबता होईपर्यंत नोंदणी करू नका, आणि त्या झाल्या तरी धरणाच्या पाण्यात एकट्याने उतरू नका. शेततळ्यावर पोरं उतरतच असतील तर निदान गाठी मारलेला दोर काठावरच्या खुंटीला बांधून आत सोडून ठेवा.

आता आदला दिवस. सायकल न्यायची कशी हे आठवडाभर आधी ठरवा. एसटीच्या टपावर नेता येते का ते डेपोत विचारून घ्या, सगळ्या गाड्यांना वर कॅरिअर नसतं. आम्ही चौघं-पाच जण मिळून छोटा हत्ती करतो, सायकलींमध्ये जुनी पोती घालून दोराने बांधतो, आणि डिरेलरची (गिअर बदलणाऱ्या यंत्राची) बाजू कधीच खाली येऊ देत नाही. दुपारी पोचा, रात्रीचं जेवण साधं, वरण-भात किंवा खिचडी, आणि नऊला अंथरुणावर. नातेवाइकांकडे उतरणार असाल तर फोनवरच सांगा की पहाटे तीनला उठायचं आहे, म्हणजे ते रात्री गप्पांना बसवणार नाहीत. झोपण्याआधी सगळं एका जागी काढून ठेवा: आधार कार्ड, पाचशेचे सुटे, फोनची पॉवर बँक, चार्ज केलेले दिवे, बाटल्या भरलेल्या, आणि घरचा नंबर लिहिलेला कागद हेल्मेटच्या आत चिकटवलेला.

संपल्यावर त्याच रात्री मोटारसायकलने गावी निघू नका. साडेतेरा तासांनंतर डोळे उघडे असतात, पण रस्ता दिसत नसतो. मुक्काम करा किंवा ज्याने राइड केली नाही त्याला गाडी चालवू द्या. नोकरीत असाल तर सोमवारची रजा आधीच टाकून ठेवा. शेतात असाल तर सोमवारी फवारणीचा पंप पाठीवर घेऊ नका, तो मंगळवारी घ्या.