म्हैस सारखी उलटतीय, म्हणजे भरवूनही परत माजावर येतीय? भरवताना या चुका टाळा

"तीनदा भरवली तरी गाभण राहत नाही, कांडीच खराब असणार" हे करवीर-कागलकडच्या गोठ्यात लई वेळा ऐकलंय, आणि सुरुवातीची काही वर्षं मी पण हेच म्हणायचो. कांडी, म्हणजे जिनं डॉक्टर जनावर भरवतात ती गोठवलेल्या वीर्याची नळी, कधीतरी खराब असतेही, पण बऱ्याचदा गडबड आपल्याच दावणीला असते.

सगळ्यात मोठी चूक वेळेची. गाय सकाळी हंबरली की लगेच डॉक्टरला फोन, आणि दहा वाजता भरवून मोकळं. माज साधारण 12 ते 18 तास टिकतो आणि बीज सुटतं ते माज संपल्यावर 10-12 तासांनी, मग घाई केली तर बीज यायच्या आत वीर्यातला जीव संपतो आणि उशीर केला तर बीज वाया जातं. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरवा. गाय दुसरीवर चढते म्हणजे लगेच वेळ झाली असं नाही, दुसरं जनावर अंगावर चढल्यावर ती गप्प उभी राहिली की माज पक्का. सोट, म्हणजे माजात येणारा चिकट स्राव, काचेसारखा स्वच्छ पाहिजे, पांढरट किंवा पूसारखा असेल तर भरवू नका, आधी उपचार करा. आणि शेपटीला रक्त दिसलं की काही जण भरवायला धावतात, अहो ते रक्त माज होऊन गेल्यावर एक-दोन दिवसांनी येतं, तेव्हा तारीख लिहा आणि पुढच्या माजाची वाट बघा.

म्हशीचं अजून अवघड. मुका माज, म्हणजे बाहेरून खुणा फारशा दिसत नाहीत, त्यात एप्रिल-मे चा उन्हाळा. आमची एक मुऱ्हा जातीची म्हैस दोन महिने माजावरच येत नाही असं वाटत होतं, कारण आम्ही फक्त धारेच्या वेळी बघायचो. रात्री दहाला आणि पहाटे टॉर्च घेऊन जायला लागलो तेव्हा बसल्या जागी सोट पडलेला दिसला. दूध अचानक कमी झालं, सारखं थोडं थोडं मुतायला लागली, तर लक्ष ठेवा.

आता आपल्या भागाचं खास दुखणं, वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. गळीत हंगामात फुकट मिळतं म्हणून नुसतं वाडंच टाकतो आपण. त्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं, जनावर पोट भरून पण आतून रिकामं. वाड्याबरोबर हिरवी वैरण आणि पेंड द्या, मिनरल मिक्श्चर रोज 50 ग्रॅम द्या. व्यायल्यावर वाळून गेलेली म्हैस कितीही भारी कांडीनं फळणार नाही, निदान 45-60 दिवस तरी तिला सावरू द्या.

कांडी काढताना तिथं उभं राहा. नायट्रोजनमधून काढली की 37 अंशाच्या कोमट पाण्यात 30 सेकंद, खिशात किंवा तळहातावर चोळून नाही. विचारायला लाजू नका, चांगला डॉक्टर रागावत नाही.

भरवल्यावर 21 व्या दिवसाच्या आसपास परत माज बघा. दिसला नाही म्हणजे गाभणच असं धरू नका, अडीच-तीन महिन्यांनी तपासून घ्या. आम्ही एक म्हैस पाच महिने गाभण समजून सांभाळली आणि ती रिकामी निघाली.