थिसिस जमा केल्यानंतर

पाच वर्षांची फेलोशिप थिसिस जमा करायच्या आधीच संपली होती. व्हायवा म्हणजे तोंडी परीक्षा झाली, गाईडनी पेढा दिला, आणि मी कॉलेजांच्या मुलाखती द्यायला लागले. वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. म्हणजे प्राध्यापक, एवढीच वाट मला माहीत होती. दोन वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. सुट्टी लागली की तास नाहीत आणि पैसेही नाहीत. आत्ता थिसिस लिहिणाऱ्यांना कळकळीनं सांगते, डॉक्टरेट हातात येणार म्हणून सेट-नेट या पात्रता परीक्षांचा फॉर्म टाळू नका. 2023 साली यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, सहायक प्राध्यापकपदासाठी या परीक्षा ही किमान अट केली आणि पीएच.डी. ऐच्छिक ठेवली.

मी पुढे पेटंटच्या कामात शिरले. पेटंट एजंट, म्हणजे संशोधकाच्या वतीनं पेटंटचा अर्ज करणारा माणूस, व्हायला वकिली लागत नाही. विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची पदवी, भारतीय नागरिकत्व, 21 वर्षं पूर्ण, आणि पेटंट कार्यालयाची परीक्षा पास: दोन लेखी पेपर, एक तोंडी, दोन्ही लेखी पेपरांत किमान 50 टक्के आणि एकूण 60 टक्के. आमच्या विषयाच्या मुलांनी 1970 च्या कायद्यातलं कलम 3 आधी वाचावं. वनस्पतींना आणि पारंपरिक ज्ञानाला पेटंट का नाही, ते त्यात आहे. रोजचं काम म्हणजे समोरचा दावा खरंच नवा आहे का, हे जुन्या शोधनिबंधांत शोधणं. थिसिसचं पहिलं प्रकरण लिहिताना हेच तर करतो आपण.

पण शिक्षणाचा खरा उपयोग मला आमच्या रस्त्यावर कळला. झाडांवर तोडीच्या नोटिसा लागल्या, हरकतींना सात दिवस. यादीत सतरा झाडं, सगळी ‘सुबाभूळ’. मी टेप घेऊन खाली उतरले. सुबाभळीच्या शेंगा अरुंद, तपकिरी, झुपक्यानं लोंबतात. पाच झाडांच्या शेंगा मात्र रुंद, फिक्या पिवळ्या होत्या आणि वाऱ्यावर खुळखुळत होत्या. तो शिरीष! जमिनीपासून 1.37 मीटरवर प्रत्येकाचा घेर मोजला, फोटो काढले, एका पानाचा मराठी अर्ज लिहिला आणि पाकिटात शेंगा घालून दिल्या. सुनावणीत अधिकाऱ्यांनी शेंग हातात घेऊन वाजवून पाहिली. पाच शिरीष वाचले. बाकीची बारा गेली, त्याचं वाईट वाटतंच.

शिक्षण असं लोकांच्या कामी आणायची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. जैवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींनी 1939 मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. पुढे मुंबईच्या कन्झ्युमर गाइडन्स सोसायटीत काम केलं, ग्राहकांसाठी लेख लिहिले, 1982-83 मध्ये तिच्या अध्यक्षही झाल्या.

नोकरी कुठलीही लागो, आपल्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत एकदा जा. 2002 च्या जैवविविधता कायद्यानं तिथे जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. तिची लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे परिसरातल्या झाडा-प्राण्यांची नोंद, बघायला मागा, सोबत पेन्सिल न्या, आणि वनस्पतींच्या पानापासून नावं तपासायला घ्या.